आधीच्या कामावर मिळालेली किरणोत्सर्गाची मात्रा आणि तिची नोंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुवीज केंद्र, इंधननिर्मितीचा कारखाना, पुनर्प्रक्रिया संयंत्र किंवा संशोधन अणुभट्टी येथे काम केलेला माणूस पुढच्या ठिकाणी रुजू होतो, तेव्हा शिक्षण आणि अनुभव यांच्याबरोबर त्याला आणखी एक गोष्ट दाखवावी लागते. ती म्हणजे कामामुळे आजवर त्याच्या शरीराला मिळालेल्या किरणोत्सर्गाची मात्रा. हा आकडा कोण मागतो, कोण ठेवतो, तो सापडला नाही तर त्याचा भार कोणावर पडतो, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. नियम देशागणिक वेगळे असल्यामुळे जो नियम ज्या देशाचा, त्याचे नाव तेथेच दिले आहे.

‘आधीची मात्रा’ म्हणजे नेमकी कोणती?

सध्याच्या मालकाकडे येण्यापूर्वी, दुसऱ्या कोणत्याही किरणोत्सर्गी कामाच्या ठिकाणी, कामाचाच भाग म्हणून मिळालेली मात्रा. तिचे दोन हिशेब वेगवेगळे ठेवावे लागतात. पहिला चालू वर्षाचा. याच वर्षात दुसरीकडे किती मात्रा मिळाली हे कळल्याशिवाय उरलेल्या वर्षात किती मिळू द्यायची हे ठरत नाही. दुसरा संपूर्ण नोकरीतील साठलेल्या मात्रेचा; तो पाच वर्षांच्या सरासरीसाठी, आणीबाणीच्या कामासाठी आणि पुढे आजार उद्भवल्यास भरपाईच्या दाव्यासाठी लागतो. संपूर्ण शरीराची परिणामी मात्रा (शरीराच्या सर्व भागांवरील परिणाम मिळून काढलेला एकच आकडा) मिलिसिव्हर्ट या एककात लिहितात, आणि डोळ्याचे भिंग, त्वचा व हातपाय यांचे आकडे स्वतंत्र ठेवतात.

नव्या मालकाला जुन्या ठिकाणच्या मात्रेशी काय देणेघेणे?

मर्यादा माणसाला लागू असते, संयंत्राला नव्हे, एवढे एकच कारण पुरेसे आहे. समजा, एका फिटरला जानेवारी ते मे या काळात एका केंद्राच्या शटडाउनमध्ये (देखभालीसाठी अणुभट्टी बंद ठेवण्याच्या काळात) ११ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाली आणि जूनमध्ये तो दुसऱ्या केंद्रात गेला. दुसऱ्या केंद्राने त्याचा हिशेब शून्यापासून सुरू केला आणि वर्षअखेर त्याला आणखी १४ मिलिसिव्हर्ट मिळाली, तर दोन्ही केंद्रांच्या वह्यांत वर्षाच्या सरासरी मर्यादेच्या, म्हणजे २० मिलिसिव्हर्टच्या, आतला आकडा दिसेल आणि दोन्ही व्यवस्थापने निर्धास्त राहतील. त्या माणसाच्या शरीराने मात्र २५ मिलिसिव्हर्ट घेतलेली असेल. आधीच्या मात्रेचा शोध घेण्याची सारी व्यवस्था ही एक फट बुजवण्यासाठी उभी राहिली आहे.

वर्षाची आणि आयुष्याची मर्यादा किती?

आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९० च्या शिफारशींत पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ५० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक नाही, अशी मर्यादा सुचवली, आणि २००७ च्या शिफारशींत ती कायम ठेवली. बहुतेक देशांनी ती थोड्याफार फरकाने स्वीकारली आहे. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने सरासरी २० चीच ठेवली, मात्र एका वर्षाची कमाल मर्यादा ३० वर आणली. अमेरिका अजूनही वर्षाला ५ रेम (जुने एकक), म्हणजे ५० मिलिसिव्हर्ट, या मर्यादेवर थांबलेली आहे आणि तेथे पाच वर्षांच्या सरासरीचे बंधन नाही. जर्मनीत वार्षिक मर्यादेशिवाय संपूर्ण नोकरीसाठी ४०० मिलिसिव्हर्टची मर्यादा कायद्यातच घातलेली आहे, त्यामुळे तेथे तरुणपणीच्या नोंदीही निवृत्तीपर्यंत हिशेबात राहतात.

पाच वर्षे कशी मोजायची हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो, पण तसा तो नाही. भारतात सरकती पाच वर्षे धरतात: नवे वर्ष आले की सर्वांत जुने वर्ष गळते, आणि शेवटच्या पाच वर्षांची बेरीज कधीही १०० च्या वर जाता कामा नये. जपानमध्ये १ एप्रिल २००१ पासून पाच-पाच वर्षांचे ठरावीक गट पाडलेले आहेत, आणि गट संपला की बेरीज पुन्हा शून्यावर येते. ठरावीक गटांच्या पद्धतीत एखाद्याला एका गटाच्या शेवटच्या वर्षी ५० आणि पुढच्या गटाच्या पहिल्याच वर्षी ५०, अशी लागोपाठच्या दोन वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळूनही नियमभंग होत नाही. हिशेबाला ती सोपी आहे हे खरे. पण माणसाच्या रक्षणाच्या दृष्टीने सरकती पद्धत अधिक प्रामाणिक आहे, असे आमचे मत आहे. मात्र तिला प्रत्येक वर्षाचा सुटा आकडा लागतो. जुन्या मालकाने पाच वर्षांची एकच बेरीज लिहून दिली असेल, तर सरकत्या हिशेबात तिचा फारसा उपयोग होत नाही.

मागील नोंद मिळवण्याची रीत कोणती?

ढोबळमानाने तीन रीती आहेत. पहिलीत नवा मालक जुन्या मालकाला विचारतो. दुसरीत कामगार स्वतःच्या मात्रेच्या नोंदींचे पासबुक बरोबर बाळगतो. तिसरीत देशपातळीवरच्या केंद्रीय नोंदवहीतून आकडा घेतला जातो. प्रत्यक्षात बहुतेक देशांत यांचे मिश्रण आढळते.

अमेरिकेतील नियम पहिल्या रीतीचा सर्वांत तपशीलवार नमुना आहे. ज्याला लागू मर्यादेच्या १० टक्क्यांहून अधिक मात्रा मिळण्याची शक्यता आहे, अशा प्रत्येकाची चालू वर्षातील मात्रा परवानाधारकाने आधी निश्चित केली पाहिजे. त्यासाठी स्वतः कामगाराचे किंवा त्याच्या शेवटच्या मालकाचे सहीनिशी लेखी निवेदन चालते. शेवटच्या मालकाकडून दूरध्वनी, पत्र किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने आकडे मागवलेलेही चालतात, मात्र त्यांच्या खरेपणाविषयी शंका असेल तर लेखी दुजोरा घ्यावा लागतो. साठलेल्या मात्रेचा इतिहास अणुनियामक आयोगाच्या ‘फॉर्म ४’ वर लिहिला जातो आणि एका निरीक्षण काळापुरती मात्रा ‘फॉर्म ५’ वर. पूर्वी संपूर्ण आयुष्यातील नोंद मिळवण्याचा प्रयत्न करणे तेथे सक्तीचे होते. २००७ च्या दुरुस्तीने ती सक्ती काढली, आणि आयुष्यभराचा इतिहास आता मुख्यतः ‘नियोजित विशेष संपर्का’च्या, म्हणजे नेहमीच्या वार्षिक मर्यादेबाहेर वेगळा हिशेब ठेवून आखलेल्या अपवादात्मक कामांपुरता अनिवार्य राहिला आहे.

कामगाराच्या स्वतःच्या सहीवर विसंबण्याची ही मुभा या साखळीतील सर्वांत नाजूक कडी आहे. तो खोटे बोलेल म्हणून नव्हे. कित्येकदा त्याला स्वतःचा आकडा माहीतच नसतो. अंगावर लावलेला मात्रा मोजणारा बॅज दर महिन्याला गोळा झाला, वाचला गेला, अहवाल कार्यालयात आला आणि फायलीत लागला, यातले काहीही त्याच्या डोळ्यांसमोर घडत नाही.

भारतात किरणोत्सर्ग संरक्षणाच्या २००४ च्या नियमांनुसार ही जबाबदारी मालकांवर आहे: कामावर घेण्यापूर्वी आधीच्या मालकाकडून मात्रेच्या नोंदी व आरोग्य तपासणीचे अहवाल मागवायचे, आणि नोकरी संपल्यावर नव्या मालकाने मागितल्यास ते द्यायचे.

केंद्रीय नोंदवही कोठे कोठे आहे?

कॅनडाची राष्ट्रीय मात्रा नोंदवही सर्वांत जुन्या नोंदवह्यांपैकी आहे. तिच्यात १९५१ पासूनच्या नोंदी आहेत. जर्मनीत ही नोंदवही किरणोत्सर्ग संरक्षणाचे संघीय कार्यालय चालवते. फ्रान्समध्ये ‘सिझेरी’ ही संगणकीय व्यवस्था २००५ मध्ये सुरू झाली. जपानमध्ये १९७७ पासून केंद्रीय नोंदणी आहे आणि तिच्या जोडीला कामगाराच्या हातात पासबुक असते. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्रात राष्ट्रीय व्यावसायिक मात्रा नोंदणी प्रणाली आहे, आणि अणुकेंद्रांपासून रुग्णालयांपर्यंतच्या किरणोत्सर्ग कामगारांच्या बॅजचे आकडे तिच्यात साठवले जातात.

नोंदवही असली म्हणजे सगळे सुटले असे मात्र होत नाही. तेथील आकडा बॅज वाचल्यानंतरच पोहोचतो. कामगार आज दारात उभा असतो आणि नोंदवहीला मागच्या महिन्यापर्यंतचेच ठाऊक असते.

मागील ठिकाणचा शेवटचा बॅज अजून वाचलेलाच नसेल तर?

शटडाउनच्या हंगामात ही अडचण रोजची असते. टीएलडी बॅजमधील पदार्थ किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवून ठेवतो, आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर त्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून मात्रा काढली जाते; म्हणजे बॅज पाठवणे, तापवणे आणि अहवाल परत येणे यांत काही आठवडे सहज जातात. याउलट खिशातला इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर (मात्रामापक) दर पाळीला दारातल्या वाचनयंत्राला लावला जातो, आणि कोणत्या कामाच्या परवान्यावर किती मात्रा मिळाली हे लगेच नोंदले जाते. म्हणून मधल्या काळासाठी डोसिमीटरच्या आकड्यांची बेरीज अंदाज म्हणून धरतात आणि बॅजचा अधिकृत आकडा आल्यावर ती बदलतात. अमेरिकेच्या फॉर्म ४ वर याच कारणासाठी प्रत्येक ओळीपुढे ‘नोंद’, ‘अंदाज’ आणि ‘नोंद नाही’ असे तीन पर्याय ठेवलेले आहेत. नवीन ठिकाणी आकडा चढवताना यापैकी कोणता पर्याय निवडलेला होता हे उतरवून घ्यायला विसरू नये. अंदाज कायमचा नोंद होऊन बसतो, तो बहुधा याच टप्प्यावर.

नोंद मिळालीच नाही, तर काय धरायचे?

‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘मात्रा नाही’ असा कोणत्याही जबाबदार व्यवस्थेत लावला जात नाही. अमेरिकेत चालू वर्षातील ज्या तिमाहीची नोंद उपलब्ध नाही आणि त्या काळात माणूस किरणोत्सर्गाच्या कामावर असण्याची शक्यता होती, अशा प्रत्येक तिमाहीसाठी त्याची वार्षिक मुभा १.२५ रेमने, म्हणजे १२.५ मिलिसिव्हर्टने, कमी धरली जाते. दोन तिमाहींचे कागद नसतील तर ५० पैकी २५ च उरतात. शिवाय अशा व्यक्तीला नियोजित विशेष संपर्काच्या कामावर घेता येत नाही. ब्रिटनमध्ये बॅज हरवला किंवा खराब झाला आणि मात्रेचा समाधानकारक अंदाजही बांधता आला नाही, तर त्या काळाच्या प्रमाणात वार्षिक मर्यादेचा हिस्सा ‘मानीव मात्रा’ म्हणून लिहिला जातो. वर्षाच्या २० च्या हिशेबाने तीन महिन्यांना ५ मिलिसिव्हर्ट.

१.२५ चा आकडा जुना आहे. पूर्वीच्या अमेरिकी नियमात आधीच्या मात्रेची नोंद हाताशी नसलेल्या कामगाराला तिमाहीला १.२५ रेमच घेता येत असे. नोंद असेल तर तिमाहीला ३ रेमपर्यंत मुभा होती, अट इतकीच की आयुष्यभराची बेरीज वयातून १८ वजा करून येणाऱ्या संख्येच्या पाचपटीहून अधिक होता कामा नये. या सूत्राने तीस वर्षांच्या माणसाला ६० रेम, म्हणजे ६०० मिलिसिव्हर्ट, आजवर मिळालेली चालली असती. त्या काळी जुनी नोंद शोधण्याचा हेतू पुष्कळदा अधिक मात्रा घेण्याची परवानगी मिळवणे हा असे, ही गोष्ट आज वाचताना खटकते. १९९१ मध्ये नियम नव्याने लिहिले गेले, १९९४ पासून ते सर्वांना लागू झाले आणि ते सूत्र गेले.

गहाळ नोंदीसाठी मात्रा गृहीत धरणे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे, परंतु तिची किंमत कामगार मोजतो हे स्पष्ट सांगायला हवे. जुन्या मालकाच्या कार्यालयाने उत्तर दिले नाही म्हणून त्याची मुभा घटते, आणि मुभा घटलेल्या माणसाला कोणी जड कामावर घेत नाही. म्हणून गृहीत मात्रा लिहून फाइल बंद करणे हा शेवटचा उपाय असावा. कामाच्या परवान्याच्या नोंदी, बरोबर काम केलेल्यांचे बॅज आणि त्या जागेतील मोजमापे यांवरून मात्रेची फेरबांधणी पुष्कळदा शक्य असते, आणि ती आधी करून पाहिली पाहिजे.

माझ्या जुन्या नोंदीत सगळीकडे शून्य आहे. ते खरे मानायचे का?

शून्य म्हणजे बॅजला दिसू शकेल इतकी मात्रा नव्हती. प्रत्येक मापनपद्धतीला एक खालची सीमा असते आणि तिच्या खालचे सर्व आकडे शून्य म्हणून लिहिले जातात. आजच्या बॅजबाबत यातून फारसा फरक पडत नाही. जुन्या फिल्म बॅजची सीमा मात्र बरीच वर होती, आणि बॅज दर आठवड्याला बदलला जात असेल तर वर्षाला पन्नासवर शून्ये जमत. त्या प्रत्येक शून्याखाली थोडे काही दडलेले असू शकते. अमेरिकेत २००० च्या कायद्यानुसार अण्वस्त्रनिर्मितीतील कामगारांच्या भरपाईचे दावे तपासताना या ‘निसटलेल्या मात्रे’चा हिशेब प्रत्यक्ष केला जातो: शून्य नोंदलेल्या बॅजची संख्या गुणिले शोधसीमेचा निम्मा भाग. न्यूट्रॉनच्या बाबतीत तर सावधगिरी अधिक हवी, कारण जुन्या न्यूट्रॉन फिल्मला कमी ऊर्जेचे न्यूट्रॉन जवळजवळ दिसतच नसत.

रेममधले आकडे मिलिसिव्हर्टमध्ये उतरवताना काय पाहावे?

१ रेम म्हणजे १० मिलिसिव्हर्ट आणि १ मिलिरेम म्हणजे ०.०१ मिलिसिव्हर्ट. चूक गुणाकारात होत नाही, ती एकक न वाचण्यात होते: ‘१५०’ असा नुसता आकडा मिलिरेममध्ये असेल तर १.५ मिलिसिव्हर्ट, आणि मिलिसिव्हर्टमध्ये असेल तर गंभीर घटना.

याहून सूक्ष्म अडचण व्याख्येची आहे. जुन्या कागदांवरची ‘संपूर्ण शरीराची मात्रा’ ही बहुधा केवळ बाहेरून मिळालेली मात्रा असते. श्वासातून किंवा अन्नमार्गाने शरीरात गेलेल्या पदार्थांचा हिशेब तेव्हा वेगळा, शरीरातील साठ्याच्या रूपात ठेवला जात असे. आजचा परिणामी मात्रेचा आकडा दोन्हींची बेरीज असतो. म्हणून जुना व नवा आकडा एकाच स्तंभात चढवताना शेजारी शेरा लिहावा, आणि अंतर्गत मात्रेचे जुने कागद स्वतंत्र मागवावेत.

शरीरात गेलेला पदार्थ वर्षानुवर्षे मात्रा देत राहतो. ती पुढच्या मालकाच्या खात्यात जाते का?

नाही. पदार्थ शरीरात गेला त्याच वर्षी पुढील ५० वर्षांत मिळणारी सगळी मात्रा एकरकमी मोजून त्या वर्षाच्या खात्यावर लिहिली जाते. त्यामुळे नव्या मालकाने पुन्हा मोजली तर ती दुप्पट होते. ट्रिटियमच्या बाबतीत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण ते पाण्याबरोबर काही आठवड्यांत बरेचसे बाहेर पडते. प्लुटोनियमसारखे पदार्थ मात्र हाडांत व यकृतात दशकानुदशके राहतात, आणि नव्या ठिकाणच्या लघवीच्या तपासणीत ते उमटले तर ‘येथे गळती झाली’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. रुजू होतानाच संपूर्ण शरीराची गणना (शरीरातून बाहेर येणारी किरणे यंत्राने मोजणे) आणि जेथे गरज असेल तेथे लघवीची चाचणी करून आरंभीची पातळी नोंदवून ठेवण्याचे हेच कारण आहे.

एक्स-रे, सीटी स्कॅन, आयोडीनचे उपचार यांची मात्रा धरतात का?

नाही. रुग्ण म्हणून घेतलेली मात्रा आणि नैसर्गिक पार्श्वभूमीची मात्रा या हिशेबात येत नाहीत. तरीही शरीरात किरणोत्सर्गी औषध देऊन तपासणी किंवा उपचार झाले असतील तर कामावर परतण्यापूर्वी हेल्थ फिजिक्स (किरणोत्सर्ग सुरक्षा) विभागाला अवश्य कळवावे. अंगातल्या टेक्नेशियमने किंवा आयोडीनने बाहेर पडण्याच्या दारावरचा मॉनिटर वाजतो, आणि त्याहून वाईट म्हणजे छातीवर लावलेला बॅज तीच किरणे ‘कामावरची’ म्हणून नोंदवतो.

एकाच वेळी दोन ठिकाणी काम करत असल्यास?

दोन्ही ठिकाणांची बेरीज एकाच मर्यादेत बसली पाहिजे, आणि दोन्ही मालकांना एकमेकांची माहिती असली पाहिजे. एका ठिकाणचा बॅज दुसऱ्या ठिकाणी वापरू नये.

कंत्राटी कामगारांच्या नोंदींचा प्रश्न एवढा बिकट का असतो?

कारण सर्वाधिक मात्रेची कामे बहुधा त्यांच्या वाट्याला येतात आणि सर्वाधिक मालकही त्यांचेच बदलतात. अणुभट्टी चालू असताना मात्रा कमी असते. ती मिळते शटडाउनमध्ये, झडपा उघडताना, बाष्पजनित्राच्या नळ्या तपासताना, उष्णतारोधक आवरण काढताना. ही कामे करणारी पथके एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जातात. अमेरिकेच्या वार्षिक अहवालात अशा फिरत्या कामगारांचे आकडे माणसागणिक एकत्र करून सरासरी दुरुस्त केली जाते. तसे केले नाही तर तीन केंद्रांत काम केलेला एक माणूस कमी मात्रेची तीन माणसे म्हणून मोजला जातो, आणि सरासरी मात्रा प्रत्यक्षाहून कमी दिसते.

युरोपीय समुदायाने ४ डिसेंबर १९९० रोजी केवळ अशा ‘बाहेरच्या कामगारां’साठी स्वतंत्र निर्देश काढला. केंद्रात पाऊल ठेवण्यापूर्वी कामगाराचा वैयक्तिक दस्तऐवज तपासणे आणि काम संपल्यावर त्यात मात्रा भरून देणे, अशी जबाबदारी त्याने ठेकेदार आणि केंद्रचालक यांच्यात वाटून दिली. २०१३ च्या एकत्रित निर्देशात ही तरतूद पुढे चालू राहिली. जबाबदारीची वाटणी लिहून ठेवणे आवश्यकच आहे. नाही तर ठेकेदार म्हणतो बॅज केंद्राने दिला, आणि केंद्र म्हणते माणूस ठेकेदाराचा.

याखाली एक अप्रिय वास्तव आहे. मात्रेची मर्यादा गाठली की काम बंद होते, आणि रोजंदारीवरच्या माणसाचे काम बंद म्हणजे मजुरी बंद. मग मात्रा लपवण्याचा मोह कामगारालाही होतो आणि ठेकेदारालाही. जपानमधील अपघातग्रस्त फुकुशिमा दाइइची अणुकेंद्राच्या साफसफाईच्या कामात २०११ च्या डिसेंबरमध्ये एका उपकंत्राटदाराच्या माणसाने कामगारांना डोसिमीटरवर शिशाचे आच्छादन घालायला सांगितल्याचे २०१२ मध्ये उघडकीस आले. आकडा कमी दिसावा एवढाच त्याचा हेतू होता. शरीर उघडेच राहिले. मात्रा संपलेल्या कामगाराला उरलेल्या काळात किरणोत्सर्गाबाहेरचे काम मिळण्याची हमी नसेल, तर नोंदवह्या कितीही काटेकोर असल्या तरी हा मोह संपणार नाही.

नावांचा घोळ कसा टाळतात?

वेगळ्या क्रमांकाने. एकच नाव दोघांचे असते, लग्नानंतर नाव बदलते, एका ठिकाणी पूर्ण नाव तर दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षरे लिहिलेली असतात, आणि दुसऱ्या लिपीत उतरवलेल्या नावाची चार रूपे होतात. जर्मनीने २०१८ च्या अखेरीपासून प्रत्येक नोंदित व्यक्तीला किरणोत्सर्ग नोंदवहीचा आयुष्यभर न बदलणारा क्रमांक देणे सुरू केले. जेथे असा क्रमांक नाही तेथे नाव, जन्मतारीख आणि सरकारी ओळखक्रमांक हे तिन्ही जुळल्याशिवाय दोन नोंदी एकत्र करू नयेत. चुकून एकत्र झालेल्या नोंदी सुट्या करणे फार जिकिरीचे असते.

आणीबाणीत मिळालेली मात्रा कोठे लिहितात?

ती लिहितात नेहमीच्याच कागदावर, पण वेगळी दाखवून. फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानने आणीबाणीच्या कामाची मर्यादा १०० वरून २५० मिलिसिव्हर्टवर नेली होती. तरीही सहा कामगारांची मात्रा २५० च्या वर गेली आणि त्यांतील सर्वाधिक सुमारे ६७८ मिलिसिव्हर्ट होती, जिचा मोठा भाग श्वासातून गेलेल्या किरणोत्सर्गी आयोडीनचा होता. सुरुवातीच्या दिवसांत त्सुनामीमुळे डोसिमीटर कमी पडले आणि काही पथकांत एकाच डोसिमीटरवर सगळ्यांचा हिशेब झाला. अशा नोंदीत ‘पथकातील एकाच्या मापनावरून’ हा शेरा नसेल, तर दहा वर्षांनी वाचणाऱ्याला ते प्रत्येकाचे स्वतंत्र मोजमाप वाटेल.

गर्भवती कामगाराच्या बाबतीत आधीची मात्रा कशी मोजतात?

येथे प्रश्न आधीच्या काही आठवड्यांचा असतो. अमेरिकेत कामगाराने गर्भधारणा लेखी जाहीर केल्यास संपूर्ण गर्भावस्थेत गर्भाची मात्रा ५ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवावी लागते, आणि जाहीर करण्यापूर्वी मिळालेली मात्राही त्यात धरली जाते. जाहीर करतेवेळीच ती ४.५ च्या पुढे गेलेली असेल तर उरलेल्या काळात आणखी ०.५ मिलिसिव्हर्टच चालते. म्हणून नुकतीच दुसरीकडून आलेल्या स्त्रीच्या बाबतीत वर्षाची बेरीज पुरत नाही. महिन्यागणिक आकडे लागतात.

नोंदी किती वर्षे जपून ठेवतात?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मानकांनुसार कामगार ७५ वर्षांचा होईपर्यंत, किंवा हयात असता तर झाला असता तोपर्यंत, आणि किरणोत्सर्गाचे काम थांबल्यानंतर किमान ३० वर्षे. युरोपीय निर्देशातही हाच काळ आहे. इतका काळ एखादी कंपनी टिकेलच असे नसते, आणि केंद्रीय नोंदवहीच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे.

या नोंदींचा अन्य कोणता उपयोग होतो?

थोड्या मात्रेचा दीर्घकाळात काय परिणाम होतो, हे समजण्याचा हा एक प्रमुख आधार आहे. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका येथील ३,०९,९३२ अणुकामगारांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठलेल्या मात्रेबरोबर घन अर्बुदांच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण दर ग्रेमागे (ग्रे हे शरीरात शोषलेल्या मात्रेचे एकक) सुमारे ५२ टक्क्यांनी वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. या कामगारांची सरासरी मात्रा ग्रेच्या एक-पन्नासांशाच्या आसपास असल्यामुळे एकेकट्या माणसाची वाढलेली जोखीम लहान आहे; पण ती मोजता आली, ती अनेक दशकांपूर्वी कोणीतरी नीट भरलेल्या तक्त्यांमुळे.

मला माझी नोंद मागता येते का, आणि चूक आढळली तर?

मागता येते. भारतात मालकाने कामगाराला त्याच्या मात्रेची नोंद दरवर्षी, त्याने मागितल्यास केव्हाही आणि नोकरी संपताना द्यावी, असा नियम आहे. अमेरिकेत वर्षाची मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या वर गेल्यास वार्षिक अहवाल न मागताही द्यावा लागतो. चूक दिसल्यास तक्रार लेखी करावी आणि बॅजचा क्रमांक, काळ व त्या काळातील कामाचे परवाने यांचा उल्लेख करावा. दुरुस्त आकडा लिहिताना जुना खोडू नये. दोन्ही आकडे, दुरुस्तीचे कारण, तारीख आणि सही राहिली पाहिजे.

नोकरी सोडताना कोणते कागद बरोबर घ्यावेत?

प्रत्येक वर्षाची मात्रा सुटी दाखवणारा सहीशिक्क्याचा अहवाल. अंतर्गत मात्रेच्या चाचण्यांचे निष्कर्ष, ते शून्य असले तरी. हरवलेल्या किंवा खराब झालेल्या बॅजबद्दल मात्रा गृहीत धरली असेल तर तिचा आधार. आणि आपला नोंदवहीतील क्रमांक. शेवटचा बॅज वाचला गेला नसेल तर डोसिमीटरचा अंदाज ‘अंदाज’ असेच लिहून घ्यावा, आणि अधिकृत आकडा कोणत्या पत्त्यावर पाठवायचा हे त्याच दिवशी लेखी देऊन पोच घ्यावी.